मुंबईचे सात वर्षांचे आर्चबिशप

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात अध्यापकांची वानवा पडली. १८६९ मध्ये हे कॉलेज सुरू करणारे जेझुइट फादर जर्मन होते. इंग्रज सरकारच्या लेखी आता ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अनेकांना नजरकैद घडली. त्यांची जागा भरायला जे इंग्रज जेझुइट मुंबईत आले, त्यांत फादर आल्बन गुडियर होते. लँकेशायरमधल्या ग्रेट हारवूड गावचे. जन्मसाल कॉलेजचेच, १८६९.

आर्चबिशप युर्गेन्स १९१६ मध्ये वारले. त्यानंतर तीन वर्षे मुंबईची गादी रिकामीच होती. डिसेंबर १९१९ मध्ये ती गुडियर यांच्याकडे आली आणि तिच्याबरोबर एक जुना तंटाही आला.

पूर्वेकडचे बिशप सुचवण्याचा हक्क पोपनी पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्या बदल्यात चर्चच्या कामाचा खर्च राजाने उचलायचा. हाच ‘पाद्रोआदो’. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर त्यांना पाद्रोआदोखालच्या गोव्याच्या आर्चबिशपांची सत्ता खुपू लागली. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना हटवून थेट रोमच्या अधिकाराखालचे कार्मेलाइट आणले. पुढे १७९४ मध्ये सरळ वाटणीच झाली आणि काही चर्चे गोव्याकडे, काही रोमने नेमलेल्या बिशपांकडे गेली. पोप आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६ च्या करारानेही हे दुपेडी राज्य संपले नाही. मुंबईला आर्चबिशप मिळाला खरा. पण वसई-साष्टीतले जुने ख्रिस्ती आणि शहरातली काही चर्चे दमणच्या पोर्तुगीज बिशपांकडेच राहिली. एका शहरात दोन बिशपांचा अंमल म्हणजे हद्दीचे वाद रोजचेच.

गुडियर मूळचे अध्यापक आणि लेखक. त्यांच्या वाट्याला आली ती ही भांडणे. त्यांच्याच कारकिर्दीत स्पॅनिश जेझुइट मुंबईत आले. इतिहाससंशोधक फादर हेरास त्यांतलेच. त्यांनी १९२६ मध्ये झेवियर्समध्ये संशोधन संस्था स्थापली. त्याच वर्षी गुडियर यांनी आर्चबिशपपद सोडले. दोन सत्तांचा तिढा सुटायचा तर जागा मोकळी हवी होती.

तडजोड झाली १९२८ मध्ये. दमणचा धर्मप्रांत बरखास्त झाला आणि वसई-साष्टी मुंबईला जोडली गेली. आर्चबिशप मात्र आळीपाळीने, एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश, असे ठरले. त्याप्रमाणे आधी जोआकिम लिमा आणि १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स आले.

इंग्लंडला परतल्यावर गुडियर यांनी लेखणी पुन्हा हाती घेतली. ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे ग्रंथ इंग्रजी वाचकांत गाजले. १९३९ मध्ये डेव्हनमधील टेनमथ इथे त्यांचे निधन झाले. आळीपाळीची पद्धत तेव्हा चालूच होती. ती १९५० मध्ये संपली आणि त्याच वर्षी मूळचे गोव्याच्या घराण्यातले व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.