हिशेब कोणाला द्यायचा?

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातला चाकरांचा दृष्टांत चर्चमध्ये इतक्यांदा सांगितला जातो, की त्यातले आकडे मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही. परदेशी निघालेला धनी एका चाकराला पाच तालांत सोपवतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे रक्कम दुप्पट करतात. तिसरा आपला तालांत जमिनीत पुरून ठेवतो आणि धन्याचा रोष ओढवून घेतो. तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि त्याच शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुराचा रोज आहे एक दिनार. सर्वांत कमी ज्याला मिळाले त्याच्याही हाती जवळपास वीस वर्षांची मजुरी होती! ‘मला मिळालेच काय’ हे रडगाणे त्याला गाता येत नाही. शिवाय पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी जी शाबासकी देतो, ती अगदी सारखी आहे. बक्षीस नफ्याच्या आकड्यावर ठरत असते, तर असे झाले नसते. ‘श्रद्धा ठेवा, श्रीमंत व्हा’ असा संदेश या दृष्टांतातून काढणाऱ्यांनी एवढा भाग पुन्हा वाचावा. मुद्दल धन्याचे, नफाही धन्याचा. चाकर नुसता कारभारी. सोपवलेले कोणाच्या कामी लावले आणि त्याचा हिशेब कोणाला दिला, एवढेच त्याला विचारले जाणार.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या कसोटीवर तपासण्याजोगे आहे, कारण त्यांच्या पदरात पडलेल्या संधी दुर्मीळ होत्या आणि त्यातली एकही सुखासुखी आलेली नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवले, आणि रमाबाई ते आईकडून शिकल्या. पुढे दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८७८मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुण मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, मग अमेरिका, आणि तिथल्या हितचिंतकांनी दहा वर्षे मदत द्यायचे कबूल केल्यावर १८८९मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’. १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा उपासमार म्हणजे काय हे या बाईंना कोणी सांगावे लागले नाही. त्या थेट मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या सुमारे तीनशे बायका-मुलींना त्यांनी आसरा दिला. केडगावला रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती सदनात या बायका माग चालवू लागल्या, तेलघाणा चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले गेले. संस्कृताचा मान आणि भुकेची आठवण, दोन्ही त्यांनी पुरून ठेवले नाही.

पण इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. सदन मुंबईहून पुण्याला हलल्यावर मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तशी पुण्यात बोंब उठली. १८९३मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणावर सक्ती केली नाही, फक्त माझ्या खोलीचे दार लावून घेतले नाही. हे म्हणणे प्रामाणिक असावे. तरी पुरेसे वाटत नाही. पालकांनी ज्या भरवशावर मुली पाठवल्या, तो भरवसाही सोपवलेलीच वस्तू होती. ‘मी देवाला जबाब देईन’ म्हणून माणसांपुढचा हिशेब टाळता येत नाही. उलट देवाला मानणाऱ्याचे दफ्तर माणसांसाठी जास्तच उघडे हवे. रमाबाईंच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. मुक्ती सदन त्यांनी उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच चालवले. तिथे पैसा देणाऱ्याला आणि आसऱ्याला येणाऱ्याला आपण कुठे आहोत, हे ठाऊक होते.

दुसरा आक्षेप असा, की ब्राह्मण घरातल्या विद्येला देवाची देणगी म्हणणे म्हणजे जातीच्या वाटपावर देवाची सही घेणे. वाटप अन्यायाचे होते, यात वाद नाही. पण देणगी म्हटले की मालकी सुटते, आणि रमाबाईंनी नेमके तेच केले. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि संस्कृतावर हुकमत असूनही बायबलचे भाषांतर त्यांनी केले ते साध्या मराठीत, संस्कृत शब्दांचा भार टाळून, कमी शिकलेल्या बाईला कळावे म्हणून. वर्षानुवर्षे हे काम चालले. एकुलती लेक मनोरमा १९२१मध्ये गेली, १९२२मध्ये रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर पडले. ते मराठी मंडळ्यांत रुजले नाही. उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले जात राहिले. नफा-तोट्याच्या वहीत हे काम तोट्याच्या बाजूला जाईल. पण पाचवाल्याला आणि दोनवाल्याला सारखीच शाबासकी देणारा धनी ती वही बघत असेल, असे त्या दृष्टांतावरून तरी दिसत नाही.