अंडाशय थांबतं, मेंदू हाका मारत राहतो

1950च्या दशकाच्या उत्तरार्धात इटलीतल्या काही मठांमधून एक विचित्र माल कारखान्याकडे निघे. वृद्ध ननांची लघवी. पिएरो डोनिनी या रसायनशास्त्रज्ञानं 1949 मध्ये असल्याच लघवीतून एक संप्रेरक वेगळं काढलं होतं, पण औषध बनवायचं तर ती प्रचंड प्रमाणात लागणार होती. शिवाय देणाऱ्या सगळ्या बायका पाळी गेलेल्या हव्यात आणि त्यांत चुकूनही कुणी गरोदर नको. गरोदरपणातली संप्रेरकं मिसळली की सगळा माल वाया. या अटी मठाइतक्या चोख दुसरीकडे कुठे पाळल्या जाणार? पुढे ब्रुनो लुनेनफेल्ड या डॉक्टरानं हे औषध मूल होत नसलेल्या बायकांना दिलं आणि 1962 मध्ये इस्राएलमध्ये त्यातून पहिलं बाळ जन्मलं. आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळलेल्या आज्यांच्या शरीरातून दुसरीच्या मातृत्वाचं औषध निघालं होतं.

पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात असं काय असतं, जे तरुण मुलीत तितकं नसतं? आपण समजतो की पाळी गेली म्हणजे संप्रेरकं आटली. अंडाशयाची आटतात हे खरं. पण मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला सतत निरोप धाडत असते, की बीज पिकव. उत्तरादाखल अंडाशय इस्ट्रोजेन सोडतं आणि ते वाढलं की पिट्युटरी आपला सूर खाली आणते. अंडाशय उत्तर देईनासं झालं की ती आणखी मोठ्यानं हाका मारू लागते. पाळी गेल्यावर या निरोपाचं, म्हणजे एफएसएच या संप्रेरकाचं, प्रमाण कित्येक पटींनी वाढतं आणि जास्तीचं लघवीवाटे बाहेर पडतं. डोनिनीनं गोळा केल्या त्या या हाका.

अंडाशय गप्प होतं कारण त्याची शिदोरी संपते. मुलगी आईच्या पोटात वीस आठवड्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी त्या दहा-वीस लाख उरतात आणि पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. त्यांतल्या जेमतेम चारशे-पाचशे कधी पिकून बाहेर पडतात, बाकीच्या वाटेतच विरून जातात. म्हणजे आजी तुमच्या आईच्या वेळी गरोदर होती, तेव्हाच तुम्ही ज्यातून जन्माला आलात ते बीज आजीच्या पोटात होतं.

आता प्रमाणाकडे बघा. 1930च्या दशकात एडवर्ड डॉइझी यांनी इस्ट्राडिओल, म्हणजे सर्वांत प्रभावी इस्ट्रोजेन, शुद्ध स्वरूपात मिळवलं. त्यासाठी डुकरिणींची चार टन अंडाशयं लागली आणि हाती आलं 12 मिलिग्रॅम. बाईच्या एका मिलिलिटर रक्तात ते महिनाभरात साधारण 30 ते 400 पिकोग्रॅमच्या दरम्यान वरखाली होतं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा ऐवजावर हाडं, कातडी, रक्तवाहिन्या, झोप आणि मन अवलंबून असतं.

पण खरी गंमत प्रमाणाची नाही, लयीची आहे. 1970च्या दशकात पिट्सबर्गमध्ये एर्न्स्ट नॉबिल यांनी ऱ्हीसस माकडिणींवर एक प्रयोग केला. पिट्युटरीला हुकूम देणारा मेंदूचा भाग, हायपोथॅलॅमस, त्यांनी निकामी केला आणि त्याचं संप्रेरक बाहेरून दिलं. तासातून एकदा ठोका द्यावा तसं दिलं, तर पिट्युटरी नीट काम करू लागली. तेच संप्रेरक अखंड धारेनं दिलं, तर ती पार बंद पडली. कुणी दारावरच्या बेलवर बोट दाबूनच ठेवलं की घरातली माणसं तिची वायर काढून टाकतात, तसं. आजही अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवायचं असेल तेव्हा डॉक्टर हीच युक्ती वापरतात. ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन देऊन पिट्युटरीला सतत हुकूम ऐकवत ठेवायचा, म्हणजे ती ऐकणंच सोडते.

या इंजेक्शनमुळे एक जुना वाद मिटला. पाळीच्या आधीच्या आठवड्यात काही बायकांना रडू येतं, संताप अनावर होतो, छाती दुखते, झोप उडते, आणि पाळी आली की दोन दिवसांत सगळं निवळतं. रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन यांनी 1953 मध्ये लंडनमध्ये हे लक्षणसमूह म्हणून मांडलं, तरी पुढे कित्येक वर्षं ‘मनाचे खेळ’ म्हणून त्याची बोळवण होत राहिली. रक्त तपासलं तर त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या बायकांची संप्रेरकं सारखीच! मग दोष कुणाचा? पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनो यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत दोन्ही प्रकारच्या बायकांची अंडाशयं ल्युप्रोलाइडनं थांबवली. तीव्र त्रास होणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींचा त्रास गेला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा अंडाशयाचंच दुसरं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, नेहमीच्या मात्रेत परत दिलं, तर लक्षणं परतली. बाकीच्या बायकांना तेवढंच दिलं, तर त्यांना काहीही झालं नाही. हा निकाल 1998 मध्ये छापून आला. दोष ना संप्रेरकाचा ना स्वभावाचा. तोच निरोप एकीचा मेंदू एका तऱ्हेनं वाचतो, दुसरीचा दुसऱ्या.

याच गटानं 2017 मध्ये आणखी पुढचं दाखवलं. संप्रेरकं परत सुरू केली आणि महिनोन्महिने एकाच पातळीवर ठेवली, तर पहिल्या महिन्यात लक्षणं येतात आणि नंतर निघून जातात. मेंदूला झोंबते ती पातळी बदलण्याची क्रिया, ती उंच आहे की खोल हे नव्हे. मला तर हा अलीकडच्या काळातला सर्वांत देखणा निष्कर्ष वाटतो, कारण ‘तुझे हार्मोन वाढलेत’ हे घरोघरचं निदान त्यानं मोडीत काढलं. रसायनही थोडंफार कळलं आहे. प्रोजेस्टेरॉनपासून शरीर अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनवतं. झोपेच्या काही गोळ्या मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर काम करतात, त्याच रिसेप्टरवर तो बसतो. बहुतेकींना त्यानं शांत वाटतं, काहींना नेमका उलटा परिणाम होतो. नैराश्यावरच्या काही गोळ्या अशा त्रासात दिवसांत गुण देतात, एरवी त्यांना आठवडे लागतात.

चाळिशीनंतर हे चढउतार आणखी बेताल होतात. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. आणि मग त्या वाफा. बसल्या जागी छातीतून उष्णता वर चढते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, पंखा पाचवर करावा लागतो आणि चार मिनिटांनी थंडी वाजते. अमेरिकेतल्या बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात हा त्रास सरासरी सात वर्षांहून जास्त टिकलेला आढळला. ‘थोडे दिवस चालतं’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

वाफांमागचं कारण शोधण्याची सुरुवात मृत व्यक्तींच्या मेंदूंपासून झाली. नेओमी रान्स या विकृतिशास्त्रज्ञ पाळी गेलेल्या बायकांचे हायपोथॅलॅमस सूक्ष्मदर्शकाखाली बघत होत्या. तिथल्या एका ठिकाणच्या चेतापेशी तरुण बायकांपेक्षा फुगलेल्या दिसल्या. त्यांवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो आणि न्यूरोकायनिन बी हा निरोप्या त्याच बनवतात. आणि गंमत म्हणजे, तरुणपणी पिट्युटरीला लयीत ठोके देणाऱ्या त्याच पेशी! लगाम सुटल्यावर त्या माजतात आणि शेजारच्या तापमान-केंद्रालाही हलवतात. निरोगी बाईच्या शरीराला अर्ध्या अंशाच्या आसपास फरक खपतो, वाफा येणाऱ्या बाईला जवळपास शून्य. जरा चढलं की घाम. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये पाळी चालू असलेल्या तरुण बायकांना न्यूरोकायनिन बी टोचलं, तेव्हा बहुतेकींना तशाच वाफा आल्या. याच निरोप्याची वाट अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध निघालं. 2023 मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्यात संप्रेरक मुळीच नाही, मात्र ते घेताना यकृतावर लक्ष ठेवावं लागतं.

भारतात पाळी सरासरी छेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. आणि काहींची घालवली जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची पाहणी राज्यानं नेमलेल्या समितीनं 2019 मध्ये केली, तेव्हा सुमारे 82 हजार बायकांपैकी जवळपास 14 हजार जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला तर मजुरी कापली जाते, शेतात ना आडोसा ना पाणी, आणि ‘पिशवी काढून टाक, कटकट संपेल’ असा सल्ला सहज मिळतो. अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात खाली कोसळतं. ती राखली, तरी काही जणींची अंडाशयं लवकर थांबतात. मग हाडं ठिसूळ होऊ लागतात ती पस्तिशीत, उसाच्या मोळ्या उचलतानाच.

निसर्गानं पाळी थांबवण्याचा घाट घातलाच का, हे कोडं जीवशास्त्रज्ञांना अजून छळतं. बहुतेक सस्तन माद्या मरेपर्यंत पिलं घालतात. माणूस वेगळा आहे आणि काही दातवाले देवमासे वेगळे: किलर व्हेल, पायलट व्हेल, बेलुगा, नारव्हाल. किलर व्हेलची मादी चाळिशीच्या सुमारास पिलं घालायचं थांबते आणि पुढे कित्येक दशकं जगते. कॅनडा-अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर त्यांच्या कळपांची नोंद 1970च्या दशकापासून चालू आहे. सॅमन मासे कमी असतात त्या वर्षी कळपाच्या पुढे पोहणाऱ्या बहुधा म्हाताऱ्या माद्या असतात. म्हातारी मेली, की तिच्या मोठ्या मुलांचा मृत्यूचा धोका पुढच्या वर्षी कित्येक पटींनी वाढतो, मुलींचा त्या मानानं फारच कमी. तिशी ओलांडलेला मुलगा आईवाचून तगत नाही, हे वाचून मराठी घरांतल्या आयांना फारसं नवल वाटणार नाही.