वाजीकरणापूर्वी गळ्याकडे पाहा : थायरॉइड विकार आणि कामजीवन

बाह्यरुग्णांची गर्दी ओसरल्यावर, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून जो रुग्ण खुर्ची पुढे ओढतो, त्याची तक्रार आम्हांला बहुधा आधीच उमगलेली असते. जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी हा विषय पतिपत्नीतही मोकळेपणाने बोलला जात नाही. पुरुष ‘अशक्तपणा’ म्हणतो. स्त्री ‘पाळी बिघडली, अंगात त्राण नाही’ एवढेच सांगते. पुष्कळसे रुग्ण तर वैद्यापर्यंत पोहोचतच नाहीत. औषधी दुकानातून शक्तिवर्धक चूर्णाचा डबा घेऊन परस्पर घरी जातात. म्हणूनच हा लेख वैद्यबंधूंइतकाच औषधविक्रेत्या बंधूंसाठीही आहे.

प्रथम आमच्याच चुकीची कबुली. काही वर्षांपूर्वी पस्तिशीतील एक शेतकरी शीघ्रपतनाची तक्रार घेऊन आमच्याकडे आले. वजन घटलेले, झोप उडालेली, हाताला कंप. वातप्रकोप व शुक्रक्षय असे निदान करून आम्ही अश्वगंधा दुधाबरोबर दिली. तीन आठवड्यांनी ते छातीतील धडधड घेऊन परतले. तेव्हा आम्ही गळा नीट पाहिला; ग्रंथी वाढलेली होती. रक्ततपासणीत टीएसएच अत्यल्प व टी-४ बरेच वाढलेले निघाले. थायरॉइडच्या अतिक्रियतेला आम्ही अजाणता खतपाणीच घातले होते. त्यांना तज्ज्ञांकडे पाठविले. थायरॉइड ताब्यात आल्यावर मूळ तक्रारही कोणत्याही वाजीकर औषधाविना निवळली.

शरीरात काय घडते?

थायरॉइड (अवटु) ग्रंथी धातुपाकाची गती ठरविते. ती मंदावली की मेंदूतील टीआरएच हे संप्रेरक वाढते. ते टीएसएचबरोबर प्रोलॅक्टिनही वाढवू शकते, आणि वाढलेले प्रोलॅक्टिन कामेच्छा व बीजनिर्मिती दोन्ही दडपते. ग्रंथी अतिक्रिय झाली की लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन रक्तात वाढते व त्यांचे संतुलन ढळते. काही पुरुषांत स्तनवृद्धी दिसते ती यामुळेच.

पुरुषांबाबत इटलीतील २००५ चा अभ्यास बोलका आहे. अतिक्रियतेच्या ३४ रुग्णांपैकी निम्म्यांना शीघ्रपतन होते. उपचारानंतर हे प्रमाण १५ टक्क्यांवर आले. उलट अल्पक्रियतेच्या १४ पैकी ९ रुग्णांत कामेच्छा मंदावणे, ताठरता न येणे व विलंबित स्खलन या तक्रारी आढळल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात थायरॉइडविकार असलेल्या ७१ पुरुषांपैकी सुमारे ७९ टक्क्यांना ताठरतेची तक्रार होती. निरोगी तुलनागटात हेच प्रमाण सुमारे ३४ टक्के होते.

स्त्रियांत चित्र अधिक झाकलेले असते. अल्पक्रियतेत अतिरज:स्राव, थकवा, योनीची शुष्कता, इच्छेचा अभाव व गर्भधारणेतील अडथळा दिसतो. अतिक्रियतेत पाळी अल्प व अनियमित होते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षातही थायरॉइडचा दाह उद्भवू शकतो. त्या काळातील उदासी व अनिच्छा ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून सोडून दिली जाते. घरात तिला ‘रुसली आहे’ म्हणतात आणि संसारात अकारण अंतर पडते. देशातील आठ शहरांतील प्रौढांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्क्यांना अल्पक्रियता आढळली होती, हे ध्यानी घेता असे रुग्ण आपल्या दाराशी रोज येत असणार.

शास्त्राची दृष्टी

सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात गलगंडाचे वातज, कफज व मेदोज असे तीन प्रकार सांगितले आहेत. चरकाने अतिस्थूलाच्या आठ दोषांत कृच्छ्रव्यवायता, म्हणजे मैथुनातील कष्ट, गणला आहे. मेदाने मार्ग अवरुद्ध झाल्यावर पुढील धातूंचे पोषण खुंटते, हा विचार अल्पक्रियतेच्या रुग्णाला समर्पक लागू पडतो. मात्र गलगंड म्हणजे प्रत्येक थायरॉइडविकार, असे समीकरण मांडू नये. गळा न सुजताही ग्रंथी बिघडते.

व्यवहारात पाळावयाची पथ्ये

१. कामजीवनाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाचा गळा, नाडी, वजन, त्वचा व मलप्रवृत्ती तपासावी. स्त्रीला पाळीविषयी आस्थेने विचारावे. शंका येताच टीएसएच व टी-४ करावे. मधुमेह, रक्तदाब, चालू औषधे व मनाची चिंता ही कारणेही पाहावीत.

२. अश्वगंधेने थायरॉइडची संप्रेरके वाढू शकतात. अतिक्रियतेत ती देऊ नये.

३. लेव्होथायरॉक्सिन चालू असलेल्या रुग्णाची गोळी कांचनार गुग्गुळाच्या भरवशावर बंद करू नये. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. लोह व कॅल्शियम तिचे शोषण रोखतात. म्हणून लोहभस्म, मंडूर, शंखभस्म व प्रवाळ यांचे कल्प तिच्यापासून चार तास दूर ठेवावेत. दुधाचे अनुपानही त्या वेळी टाळावे.

४. आपण पथ्यात सैंधव सांगतो. बाजारातील बहुतेक सैंधवात आयोडीन मिसळलेले नसते. देशात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ पासून सुरू झाला. त्याचा आरंभीचा भर हिमालयाच्या पायथ्यावर असला, तरी महाराष्ट्रातही गलगंडाचे पट्टे आढळले आहेत. विशेषत: गर्भिणीचे आयोडीनयुक्त मीठ आपल्या पथ्याने सुटू नये.

औषधविक्रेत्यांस विनंती

१९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्यात लैंगिक शक्तिवर्धन व गलगंड या दोहोंच्या उपचारांच्या जाहिरातींना मनाई आहे. जाहिरात दूर राहो. गल्ल्यावर उभ्या ग्राहकाला दोनच प्रश्न विचारावेत : ‘थायरॉइडची गोळी चालू आहे का?’ आणि ‘छाती धडधडते, वजन घटते आहे का?’ उत्तर होकारार्थी आल्यास डबा परत फळीवर ठेवून त्यास वैद्याकडे धाडावे. एका डब्याची विक्री बुडेल, पण विश्वास जोडला जाईल.

वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक मानाचे अंग आहे. निदानाविना ते दिले तर त्या अंगाचीच अप्रतिष्ठा होते. संकोचाने खुर्ची पुढे ओढणाऱ्या त्या रुग्णाला आपण औषधाआधी थोडा वेळ द्यावा, हात त्याच्या नाडीवर आणि दृष्टी त्याच्या गळ्यावर ठेवावी. आम्ही हे चुकून शिकलो. आमच्या व्यवसायबंधूंना ते न चुकता शिकता यावे, इतकीच इच्छा.