भोपळे, जपमाळ आणि हॅलोविन : अमेरिकेतल्या कॅथलिक घरांचा ऑक्टोबर एवढा धावपळीचा का असतो?

ऑक्टोबर उजाडला की इन्स्टाग्रामवर अमेरिकेतून एकाच धाटणीच्या पोस्ट यायला लागतात. चेक्सचे शर्ट घातलेली चार-पाच भावंडं भोपळ्यांच्या शेतात उभी, मागे ट्रॅक्टर, हातात सफरचंदांची पिशवी. पुढच्या फोटोत तीच मुलं घरी मेणबत्तीभोवती बसून जपमाळ करतायत. त्याच्या पुढच्या फोटोत कुत्र्याला घेऊन चर्चच्या अंगणात रांगेत उभी आहेत. आणि महिनाअखेरीला एक जण संत फ्रान्सिस झालाय, एक जण जोन ऑफ आर्क आणि सगळ्यात धाकटं बाळ मधमाशी.

पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, ही सहल आहे, सण आहे की शाळेचं स्नेहसंमेलन? आणि एका महिन्यात एवढं सगळं कशासाठी?

उत्तर सोपं आहे. या घरांत ऑक्टोबरमध्ये एकाच वेळी दोन कॅलेंडरं चालतात. एक भिंतीवरचं, म्हणजे ऋतूचं, शाळेचं आणि बाजाराचं. दुसरं चर्चचं, म्हणजे संतांच्या स्मरणदिनांचं. दोन्ही कॅलेंडरं याच महिन्यात गच्च भरलेली असतात.

भिंतीवरचं कॅलेंडर काय सांगतं?

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत ऑक्टोबर हा पानगळीचा महिना. झाडं लाल-पिवळी होतात, हवा थंड पण सोसवणारी असते आणि सफरचंदं व भोपळे तयार झालेले असतात. पुढे काही आठवड्यांत कडाक्याची थंडी येणार, अंधार लवकर पडणार. त्यामुळे बाहेर फिरायचं ते आत्ताच.

शेतकऱ्यांनीही यातून जोडधंदा उभा केलाय. तिकीट काढून बागेत जायचं, स्वतःच्या हाताने सफरचंदं तोडायची, गवताचे भारे रचलेल्या ट्रॉलीत बसून चक्कर मारायची, मक्याच्या उंच शेतात तयार केलेल्या भुलभुलैयात हरवायचं आणि येताना भोपळा घेऊन यायचं. आपल्याकडच्या कृषी पर्यटनासारखंच हे. भोपळ्याच्या उत्पादनात अमेरिकेत इलिनॉय राज्य आघाडीवर आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेची सरकारी सुट्टी असते. अनेक ठिकाणी हा दिवस आता मूळनिवासींच्या सन्मानार्थ पाळला जातो. नाव काहीही असो, जोडून सुट्टी मिळाली की कुटुंबं गाड्या काढतात. शिवाय शनिवारी मुलांचे फुटबॉलचे सामने असतातच.

इथपर्यंत कॅथलिक आणि बाकीचे अमेरिकन यांच्यात काही फरक नाही. फरक पडतो तो दुसऱ्या कॅलेंडरमुळे.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना का?

यामागे एक नौदल युद्ध आहे. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी ग्रीसजवळ लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती राज्यांच्या संयुक्त आरमाराने ऑटोमन साम्राज्याच्या आरमाराचा पराभव केला. तेव्हाचे पोप पाचवे पायस यांनी या लढाईसाठी लोकांना जपमाळेची प्रार्थना करायला सांगितलं होतं. विजयाचं श्रेय त्यांनी मरियामातेला दिलं आणि ७ ऑक्टोबरची तारीख जपमाळेच्या मातेशी जोडली गेली. पुढे १८८३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी संपूर्ण ऑक्टोबर महिना जपमाळेला वाहण्याचं आवाहन केलं.

जपमाळेत दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. प्रत्येक गटासोबत येशू किंवा मरियेच्या आयुष्यातल्या एका प्रसंगाचं चिंतन करायचं. सगळं मिळून साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. मोठ्यांना हे काहीच वाटत नाही, पण तीन वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटं एका जागी बसवणं म्हणजे काय, हे कुठल्याही आईला विचारा. म्हणून अनेक घरांत रोज एकच गट म्हणतात, काही जण गाडीत म्हणतात, तर काही घरांत प्रत्येक मणी मोजायचं काम एकेका मुलाकडे सोपवलेलं असतं.

आणि मग रांगच लागते...

चर्चच्या कॅलेंडरमध्ये वर्षातला जवळजवळ प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या संताचा असतो. पण ऑक्टोबरमध्ये मुलांना आवडतील अशी नावं एकापाठोपाठ एक येतात.

१ ऑक्टोबर : लिझ्यूच्या संत तेरेझ. अवघ्या २४व्या वर्षी, १८९७ मध्ये क्षयाने वारलेल्या या फ्रेंच जोगिणीचं प्रतीक म्हणजे गुलाब. त्या दिवशी घरात गुलाब आणायचे, एवढाच सण.

२ ऑक्टोबर : रक्षक देवदूतांचा दिवस. बऱ्याच घरांत या दिवशी ‘एंजल फूड केक’ होतो, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा हलका केक. नावातच देवदूत असल्यावर दुसरं काय करणार!

४ ऑक्टोबर : असिसीचे संत फ्रान्सिस. त्यांचं प्राण्यांवरचं प्रेम प्रसिद्ध. त्यामुळे या दिवसाच्या आसपास चर्चच्या आवारात पाळीव प्राण्यांना आशीर्वाद दिला जातो. कुत्री, मांजरं, ससे, कधी कधी काचेच्या बरणीतला मासासुद्धा.

१२ ऑक्टोबर : कार्लो अकुतिस. हा इटालियन मुलगा २००६ मध्ये १५व्या वर्षी ल्युकेमियाने गेला. संगणकाची आवड असलेल्या कार्लोने धार्मिक चमत्कारांची माहिती देणारी वेबसाइट तयार केली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांनी त्याला संत घोषित केलं. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातलेला संत मुलांना लगेच आपलासा वाटतो.

१५ ऑक्टोबर : आव्हिलाच्या संत तेरेसा. या तारखेमागे एक गंमत आहे. त्या १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या रात्री वारल्या आणि दुसऱ्या दिवशी तारीख होती १५ ऑक्टोबर! कारण त्याच रात्री स्पेनमध्ये जुनं ज्युलियन कॅलेंडर संपून ग्रेगोरियन कॅलेंडर लागू झालं आणि मधले दहा दिवस गाळले गेले.

१८ ऑक्टोबर : संत लूक, डॉक्टरांचे आणि चित्रकारांचे संत. २२ ऑक्टोबर : पोप दुसरे जॉन पॉल. १९७८ मध्ये याच दिवशी त्यांनी पोपपदाची सूत्रं औपचारिकरीत्या हाती घेतली होती.

हे फॅड इन्स्टाग्रामने आणलं का?

नाही. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हा सिनेमा आठवतोय? त्यातली मारिया खरीखुरी होती. ऑस्ट्रिया सोडून हे ट्रॅप कुटुंब अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात स्थायिक झालं. त्याच मारिया फॉन ट्रॅप यांनी १९५५ मध्ये चर्चचे सणवार घरात वर्षभर कसे पाळावेत यावर पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी मेरी रीड न्यूलँड यांचं मुलांसोबत हे वर्ष कसं साजरं करावं यावरचं पुस्तक आलं. आजच्या पोस्टमागे ही सत्तर वर्षांची परंपरा आहे. इन्स्टाग्रामने फक्त तिला कॅमेरा दिला.

हॅलोविन करायचं की नाही?

महिनाभरातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच. भुतंखेतं, सांगाडे आणि चॉकलेटांचा हा उत्सव धार्मिक घरात चालवून घ्यायचा का?

खरं तर हॅलोविन हा शब्दच चर्चमधला आहे. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो. जुन्या इंग्रजीत संतांना ‘हॅलो’ म्हणत. त्या सणाची आदली संध्याकाळ म्हणजे ‘ऑल हॅलोज ईव्ह’, त्याचंच पुढे हॅलोविन झालं. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावाने प्रार्थनामंदिर उभारलं आणि नवव्या शतकात १ नोव्हेंबरचा सण पश्चिम युरोपात पसरला.

याच सुमारास आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ‘साउन’ हा हिवाळ्याच्या सुरुवातीचा जुना सणही असायचा. आजच्या प्रथांमध्ये कुठलं काय मिसळलं, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. एवढं मात्र दिसतं की मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गरीब माणसं आणि मुलं दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना करायची आणि त्या बदल्यात त्यांना छोटे गोल केक मिळायचे. दारोदार खाऊ मागण्याच्या प्रथेचा एक धागा इथे सापडतो. आयर्लंडमध्ये शलगम कोरून कंदील करत. आयरिश लोक अमेरिकेत आले आणि तिथे शलगमापेक्षा मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला.

तरीही घराघरांत मतं वेगळी. काही पालक ३१ ऑक्टोबरला मुलांना शेजारच्या मुलांसोबत खाऊ मागायला पाठवतात. काही जण फक्त संतांचाच वेश चालेल म्हणतात. काही जण त्या रात्री दिवा बंद करून घरात बसतात आणि दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या संतांच्या पार्टीला जातात. नवराबायकोतच एकमत होत नाही अशीही घरं असतात. वर्गातली सगळी मुलं जात असताना आपल्याच मुलाला ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं.

मग हे सगळं संपतं कुठे?

कब्रस्तानात. पोस्टमध्ये हे फारसं दिसत नाही, पण महिन्याचा सगळा ओघ तिकडेच जातो. २ नोव्हेंबरला सर्व मृतांचं स्मरण केलं जातं. सुमारे हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी आपल्या मठांमध्ये हा दिवस सुरू केला. आदल्या दिवशी स्वर्गात पोचलेल्या संतांची आठवण, दुसऱ्या दिवशी अजून वाटेत असलेल्यांसाठी प्रार्थना, असा हा क्रम. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येला सगळ्याच पितरांची आठवण काढतात. श्रद्धा वेगळी, पण कुणी विसरलं जाऊ नये ही ओढ तीच.

अमेरिकेतल्या कॅथलिकांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक लॅटिन अमेरिकी वंशाचे आहेत. त्यातल्या मेक्सिकन घरांत या दिवसांत मृतांचे फोटो, त्यांचे आवडते पदार्थ आणि झेंडूची फुलं मांडतात. हो, आपण दसऱ्याला दाराला लावतो तोच झेंडू. त्याचं मूळ अमेरिका खंडातलंच आहे.

ज्या मुलाने दोन दिवसांपूर्वी चॉकलेटं मोजली, तेच मूल आता आजोबांच्या थडग्यावरची पानं बाजूला करतं. मृत्यूबद्दल लहान मुलांशी कसं बोलायचं, हा प्रश्न प्रत्येक घराला पडतो. या घरांना त्यासाठी कॅलेंडरनेच एक तारीख दिलेली असते.

एवढा आटापिटा कशासाठी?

यामागे एक भीती आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणानुसार अमेरिकेतले १९ टक्के प्रौढ स्वतःला कॅथलिक म्हणवतात. त्याच सर्वेक्षणानुसार, नव्याने कॅथलिक झालेल्या दर एका व्यक्तीमागे कॅथलिक म्हणून वाढलेले आठहून जास्त जण धर्मापासून दूर गेले आहेत. म्हणजे मूल कॅथलिक घरात जन्मलं म्हणून ते कॅथलिक राहील, याची खात्री आता पालकांना नाही. प्रवचन विसरलं जाईल, पण दर वर्षी त्याच दिवशी होणारा केक आणि आजोबांच्या थडग्यावरची मेणबत्ती लक्षात राहील, ही त्यांची आशा. ती खरी ठरेलच असं नाही. अशाच घरांतून वाढलेली मुलंही दूर जातात.

याची किंमतही असते. केक, वेश, सहली, प्रार्थनेच्या वेळा हा सगळा पसारा अनेक घरांत एकट्या आईच्या डोक्यात चालतो. त्यात दुसऱ्यांचे नीटनेटके फोटो पाहून आपण कमी पडतोय असं वाटणं आलंच.

गंमत म्हणजे एवढ्या लांबलचक यादीत चर्चने सक्तीचं केलेलं फारच थोडं आहे. रविवारची मिस्सा आणि १ नोव्हेंबरची मिस्सा. त्यातही १ नोव्हेंबर शनिवारी किंवा सोमवारी आला तर अमेरिकेत त्याचीही सूट असते. केक, गुलाब, भोपळा, संतांचा वेश, यातलं काहीच बंधनकारक नाही. रोजची जपमाळसुद्धा नाही.

याच महिन्यात वसईत, वांद्र्यात आणि गोव्यातही घरोघरी जपमाळ होते आणि २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लागतात. तिथे भोपळ्यांची शेतं नसतात, चेक्सचे शर्टही नसतात, पण तारखा त्याच असतात. त्यामुळे पुढच्या ऑक्टोबरमध्ये फीडवर तो भोपळ्यांचा फोटो आला, तर तो नुसता सहलीचा फोटो नाही हे लक्षात असू द्या. त्या घरातले आईबाप आपल्या मुलांना नेमकं काय आठवत राहावं, हे ठरवण्याच्या खटपटीत आहेत.