जुना दूरचित्रवाणी संच आणि नवे प्रक्षेपण

माळवदावरील ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना ही एके काळी घराच्या प्रतिष्ठेची खूण मानली जात असे. वाऱ्याने तो हलला की एकाने वर चढून तो फिरवावा आणि दुसऱ्याने खालून "आलं, आलं" असे ओरडावे, हा नित्याचा प्रकार होता. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे राज्यभर उभारलेल्या ॲनालॉग प्रक्षेपकांवर हा अँटेना अवलंबून होता. मोजकी ठिकाणे वगळता असे प्रक्षेपक प्रसार भारतीने २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले. त्यामुळे लोह्यासारख्या भागात अँटेना निरुपयोगी झाला; परंतु त्याखालचा संच निरुपयोगी झालेला नाही. हा भेद ध्यानी न आल्याने चांगला चालणारा संच भंगारात देऊन नवा घेण्याचा खर्च विनाकारण अंगावर पडतो.

ॲनालॉग पद्धतीत एका वाहिनीला सात-आठ मेगाहर्ट्झ इतका कंपनांचा पट्टा लागतो. डिजिटल पद्धतीत चित्र व ध्वनी अंकांत रूपांतरित करून आटोपशीर केले जातात, म्हणून तेवढ्याच पट्ट्यात अनेक वाहिन्या सामावतात. केबलच्या बाबतीत आणखी एक कारण होते. तारेवर नेमके किती ग्राहक आहेत, याचा हिशेब जुन्या पद्धतीत लागत नसे. केंद्र शासनाने २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून चार टप्पे ठरविले. मुंबईसह चार महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही अंतिम मुदत होती. लोहा शहर ज्यात मोडते त्या नगरपालिकांच्या टप्प्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती, तर खेड्यापाड्यांसाठी ती ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढविण्यात आली.

जुन्या संचाला डिजिटल लहरी उमगत नाहीत. त्या उलगडून देणारा दुभाषी म्हणजे सेट टॉप बॉक्स. संचाच्या मागे पिवळी, पांढरी व तांबडी अशी छिद्रे असल्यास त्याच रंगांच्या वायरी जोडून रिमोटने 'एव्ही' निवडावे. ध्वनीचे एकच छिद्र असेल तर पांढरी वायर पुरेशी आहे. अगदी जुन्या संचाला केवळ अँटेनाचे छिद्र असते. त्यासाठी तशी जोडणी देणारा बॉक्स मागून घ्यावा. सर्वच बॉक्समध्ये ती सोय नसते. चपट्या पडद्याचा प्रत्येक संच डिजिटल प्रक्षेपण थेट पकडतो, ही समजूतही खरी नव्हे. माळेगावच्या यात्रेत जनावराचे दात पाहिल्याशिवाय कोणी दाम मोजत नाही. तीच चौकशी येथेही करावी.

मासिक शुल्क परवडत नसेल त्यांच्यासाठी दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' ही सेवा आहे. ती डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. छत्री व बॉक्स यांचा खर्च एकदाच येतो. बॉक्स एमपेग-४ प्रकारचा घ्यावा, कारण जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. लोह्याहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. त्या दिशेला लिंबाची फांदी किंवा भिंत आडवी येऊ नये. छत्री मात्र वाटते त्यापेक्षा उभी दिसते. तिच्या घडणीमुळे तसे होते, म्हणून ती आणखी मागे कलवू नये.

जुन्या पद्धतीत लहरी क्षीण झाल्या की पडद्यावर मुंग्या येत, तरी बातम्या ऐकू येत. डिजिटलमध्ये चित्राच्या चौकटी पडतात, ते थबकते आणि नाहीसे होते. मुसळधार पावसात असे घडल्यास पाऊस ओसरेपर्यंत थांबावे, छत्रीला हात लावू नये. एरवी प्रथम वायरीचे टोक सैल झाले आहे काय ते पाहावे.

फ्री डिशवरील खाजगी वाहिन्यांच्या जागा दरवर्षी लिलावाने दिल्या जातात आणि एप्रिलच्या आरंभी यादी बदलते. त्या सुमारास एखादी वाहिनी गायब झाल्यास बॉक्स दुरुस्तीला नेण्यापूर्वी रिमोटने वाहिन्यांचा शोध पुन्हा द्यावा.