यकृताची शस्त्रक्रिया आणि मुक्या जिवांचे ऋण

अंबडच्या एका कारखान्यात काम करणारे पालक मध्यंतरी आमच्याकडे आले. त्यांच्या यकृतात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली होती. संमतीचा कागद आम्ही वाचून दाखवला. जाताना ते हळूच म्हणाले, "सर, हे आधी डुकरावर करून बघतात म्हणे. मग आपल्याला चालेल का?"

उत्तर शोधताना आम्हाला बकरी ईदची कलेजी आठवली. किती मऊ, किती रक्ताने भरलेली! टाका घालायला जावे तर दोराच तिला कापत जातो. माणसाचे यकृतही तसेच. सुमारे दीड किलोच्या या अवयवातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातली ती पहिलीच वेळ. पित्ताशय यकृताला चिकटूनच असते, पण यकृत कापायला सर्जन पुढेही बराच काळ कचरत होते. पोट उघडलेले असले तर रक्तस्राव हाताने दाबता येतो. छोट्या छिद्रातून हात कसा जाणार?

हे धाडस थेट माणसावर करणे योग्य नव्हते. ग्लासगोचे सर्जन जेम्स प्रिंगल यांनी १९०८ मध्ये यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काही वेळ दाबून ठेवण्याची युक्ती मांडली, तेव्हा ती सशांवरही तपासली होती. ती आजही वापरली जाते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी डुक्कर निवडतात, कारण त्याचे अवयव आकाराने आपल्या जवळचे असतात आणि माणसाचीच उपकरणे त्याला चालतात. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूचा दाब वाढवला तर रक्त कमी जाते, पण तोच वायू कापलेल्या शिरेतून हृदयाकडे जाण्याचा धोका वाढतो, हे भूल दिलेल्या डुकरांवरच्या प्रयोगांतून दिसले. अर्थात ती जनावरे बहुधा निरोगी असतात. रुग्णाचे यकृत कधी आजाराने कडक झालेले असते. म्हणून तिथले यश म्हणजे हमी नव्हे.

आता चालेल का, हा प्रश्न. डुकराचे मांस आपल्याला हराम आहे. पण प्रयोग डुकरावर झाला म्हणून त्याचा अंश रुग्णाच्या शरीरात येत नाही. येते ती तिथे शिकलेली रीत. औषधांचे मात्र वेगळे. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन बहुधा डुकराच्या आतड्यापासून बनते. शंका असेल तर डॉक्टरांना आणि आलिमांना आधीच विचारावे.

आम्हाला दुसरीच गोष्ट अधिक बोचते. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. मग आपल्या जिवासाठी वापरलेल्या जनावराचे काय? आपल्याकडे १९६० च्या कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेख समिती आणली. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच सांगितले होते : शक्य तिथे पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. हलाल-हराम विचारणाऱ्याने या दयेबद्दलही विचारावे.

त्या पालकांना आम्ही तीन प्रश्न लिहून दिले : डॉक्टरसाहेब, अशा किती शस्त्रक्रिया आपण स्वतः केल्यात? रक्त थांबले नाही तर पोट उघडण्याची तयारी आहे का? माझे उरलेले यकृत पुरेसे राहील का? चिठ्ठी खिशात ठेवून ते म्हणाले, "आधी हे विचारतो, मग सही."

वाचकहो, सही त्याच क्रमाने व्हावी.