‘डिटेक्ट होत नाही’ : म्युझिक प्लेयरच्या केबलचा मागोवा

‘चार्ज होतोय, पण डिटेक्ट होत नाही.’ खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेयरच्या जमान्यात ज्यांनी संगणकावरून गाणी भरली, त्यांच्या तोंडी हे वाक्य कधी ना कधी आलंच. प्लेयर नवा, संगणक चालू, केबल दोन्हीकडे नीट बसलेली, तरी स्क्रीनवर काही उमटत नाही. मग केबल काढा, घाला, दुसऱ्या पोर्टला लावा, मशीन रीस्टार्ट करा. १९९८पासून पुढची साधारण पंधरा वर्षं संगीत आणि श्रोता यांच्यामध्ये ही हातभर वायर येत राहिली. त्या प्लेयरांच्या देखणेपणाची आठवण सगळे काढतात. मला मात्र त्यांच्या केबलचा इतिहास जास्त मोलाचा वाटतो. या काळात केबलची अडचण पूर्णपणे कधीच सुटली नाही. दर दोन-चार वर्षांनी ती फक्त जागा बदलत गेली, आणि तिचा माग काढता काढता साध्या श्रोत्यांना दोष शोधण्याची शिस्त लागली.

सुरुवात झाली प्रिंटरच्या पोर्टपासून. १९९८मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ आला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड मल्टिमीडियाचा ‘रिओ पीएमपी ३००’. मेमरी ३२ एमबी, म्हणजे नेहमीच्या दर्जाची जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. ती भरायची ती पॅरलल पोर्टमधून. २५ पिनांचा रुंद कनेक्टर संगणकाच्या मागच्या बाजूला खोचायचा आणि दोन्हीकडचे स्क्रू आवळायचे. हे पोर्ट मुळात प्रिंटरसाठी होतं. त्याची पद्धत बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, ठरवलेली असायची : एसपीपी, ईपीपी किंवा ईसीपी. तिथली सेटिंग प्लेयरच्या सॉफ्टवेअरला मानवली नाही, की केबल कितीही घट्ट आवळली तरी प्लेयर सापडत नसे. गाणं ऐकण्यासाठी बायोसमध्ये शिरावं लागणं, हे त्या पहिल्या पिढीचं वास्तव होतं.

या केबलला कायद्याच्या लढाईतही जागा मिळाली. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने रिओची विक्री थांबवण्यासाठी दावा लावला. जून १९९९मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने डायमंडच्या बाजूने निकाल दिला. रिओ थेट सीडीवरून किंवा रेडिओवरून काहीही उतरवून घेऊ शकत नव्हता. त्याच्यात गाणी यायची ती केबलमधून, संगणकाच्या हार्ड डिस्कवरून. त्यामुळे डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रांसाठीचा कायदा त्याला लागू होत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे प्लेयरचं संगणकावर अवलंबून असणं, जे वापरणाऱ्याला जाचक वाटायचं, त्यानेच हा अख्खा व्यवसाय वाचवला.

तोवर यूएसबी दारात उभी होती. तिचं पहिलं प्रमाण १९९६चं. ती घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत अजय भट्ट होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. १९९९च्या ‘रिओ ५००’ला यूएसबी मिळाली आणि स्क्रू आवळणं संपलं. जुन्या यूएसबीचा चपटा प्लग जवळून पाहिला तर आत सोनेरी रंगाच्या चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन पट्ट्या विजेच्या, मधल्या दोन डेटाच्या. कडेच्या पट्ट्या किंचित लांब असतात, म्हणजे प्लग आत जाताना आधी वीज पोहोचते आणि मग बोलणं सुरू होतं. प्लेयर जागा झाला की डेटाच्या एका तारेवर व्होल्टेज चढवून तो आपण आल्याचं कळवतो. संगणक त्याला नाव-गाव विचारतो : बनवणारा कोण, मॉडेल कुठलं, वीज किती लागणार. उत्तर मिळाल्यावर विंडोज त्या नावाचा ड्रायव्हर शोधते. ‘चार्ज होतोय, पण डिटेक्ट होत नाही’ या तक्रारीचं मूळ या रचनेतच आहे. वीज आणि डेटा यांच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे एक चालू आणि दुसरी बंद असणं अगदी शक्य आहे.

तारा ठीक असल्या तरी ड्रायव्हरवर गाडी अडायची. विंडोज ९८मध्ये यूएसबी ड्राइव्ह ओळखण्याची सोय मुळात नव्हती. प्रत्येक प्लेयरसोबत सीडी यायची आणि ती हरवली की सगळंच अडायचं. ‘आधी सॉफ्टवेअर टाका, मग केबल लावा’ अशी ठळक सूचना असायची. उत्साहाच्या भरात उलटं केलं की विंडोज त्या पाहुण्याची ‘अननोन डिव्हाइस’ म्हणून नोंद करून ठेवी आणि पुढच्या खेपेला तीच नोंद उघडी. उपाय सोपा होता, पण तो माहीत असावा लागे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जायचं, पिवळं चिन्ह लागलेली ओळ अनइन्स्टॉल करायची, केबल काढायची, सॉफ्टवेअर टाकायचं आणि मग पुन्हा लावायची. अनेक उपकरणांच्या बाबतीत विंडोज प्रत्येक पोर्टची वेगळी नोंद ठेवायची, त्यामुळे काल चाललेला प्लेयर आज शेजारच्या पोर्टला लावला की पुन्हा ड्रायव्हर मागायचा. पोर्ट बिघडलं, अशी समजूत करून घेऊन लोक दुकानात जायचे.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने आयपॉड आणला आणि अडचणीने पुन्हा जागा बदलली. ५ जीबीची डिस्क यूएसबी १.१च्या १२ मेगाबिट वेगाने भरायला कागदावरच्या हिशेबानेही जवळजवळ एक तास लागला असता, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त. म्हणून ॲपलने ४०० मेगाबिटची फायरवायर निवडली आणि हजार गाणी दहा मिनिटांत भरण्याचं आश्वासन दिलं. मॅकवर हे सुरळीत चालायचं. २००२मध्ये विंडोजसाठी आयपॉड आला आणि खरी गुंतागुंत सुरू झाली. बहुतेक पीसींना फायरवायर नव्हतीच, त्यासाठी वेगळं कार्ड बसवावं लागे. ज्या लॅपटॉपांना ती होती, त्यांत बहुधा चार पिनांचं छोटं पोर्ट असे. सहा पिनांच्या पोर्टमधून वीज येते, चार पिनांच्या पोर्टमधून येत नाही. त्यामुळे गाणी भरली जायची आणि बॅटरी मात्र उतरत राहायची.

२००३च्या तिसऱ्या पिढीला ३० पिनांचा चपटा डॉक कनेक्टर मिळाला. आता यूएसबीनेही गाणी भरता येत होती, पण चार्जिंग फक्त फायरवायरने. त्यासाठी दोन तोंडांची केबल निघाली : एक तोंड गाण्यांसाठी यूएसबीत, दुसरं विजेसाठी फायरवायरच्या चार्जरमध्ये. २००४च्या क्लिक व्हीलवाल्या आयपॉडपासून यूएसबीवर चार्जिंग सुरू झालं. २००५च्या नॅनोपासून नव्या मॉडेलांत फायरवायरने गाणी भरणं बंद झालं, आणि २००८मध्ये काही नव्या मॉडेलांचं फायरवायर चार्जिंगही गेलं. जुने गाडीतले चार्जर आणि स्पीकरचे डॉक त्या दिवसापासून नव्या प्लेयरला नुसता आवाज देऊ शकत होते, वीज नाही. कनेक्टरचा आकार तोच राहिला होता, म्हणून लोकांचा गोंधळ जास्त झाला. प्लग बसतो म्हणजे चालतोच, हा समज या काळाने पुरता खोटा ठरवला.

ॲपलने आयपॉडच्या दुरुस्तीसाठी पाच ‘आर’ सांगितले होते : रीसेट, रीट्राय, रीस्टार्ट, रीइन्स्टॉल आणि रीस्टोअर. क्रम विचारपूर्वक लावलेला होता, आधी निरुपद्रवी उपाय आणि सगळी गाणी पुसणारा रीस्टोअर अगदी शेवटी. लोक मात्र घाईने थेट शेवटच्या पायरीवर उडी मारायचे. माझ्या ओळखीचे एक काका ऑफिसच्या संगणकावर आयपॉड लावून हैराण झाले होते. ‘‘अरे, घरी व्यवस्थित चालतो, इथे मात्र दिसतच नाही. रीस्टोअर मारू का?’’ त्यांनी विचारलं. प्लेयर शाबूत होता, केबलही शाबूत होती. त्या मशीनवर ऑफिसच्या सर्व्हरचं एक फोल्डर ‘ई ड्राइव्ह’ म्हणून जोडलेलं होतं. विंडोज एक्सपी आयपॉडलाही तेच अक्षर देत होती आणि आयपॉड त्या फोल्डरच्या मागे दडत होता. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन आयपॉडला दुसरं अक्षर दिल्यावर क्षणात तो समोर आला. एकही गाणं पुसलं गेलं नाही.

दुसऱ्या कंपन्यांच्या प्लेयरांची कहाणी वेगळी, पण तितकीच बोधप्रद. सोनीने २००१मध्ये नेटएमडी आणून मिनीडिस्कला यूएसबी जोडली, मात्र गाणी सोनीच्याच सॉफ्टवेअरमधून आणि हक्कांच्या कुलपातून जायची. २००४मध्ये विंडोज मीडिया प्लेयर १०बरोबर मायक्रोसॉफ्टची एमटीपी ही पद्धत आली. तिच्यात प्लेयर ड्राइव्ह म्हणून दिसत नाही, मीडिया उपकरण म्हणून दिसतो. सँडिस्कच्या सान्सा मालिकेत तर मेनूमध्येच निवड होती : ऑटो, एमएससी (म्हणजे साध्या ड्राइव्हसारखं दिसणं) की एमटीपी. एका पद्धतीत भरलेली गाणी दुसऱ्या पद्धतीत जोडल्यावर संगणकावर दिसायची नाहीत, प्लेयरवर मात्र वाजायची. ‘गाणी उडाली’ म्हणून घाबरलेल्या माणसाला फक्त एक सेटिंग बदलायची होती. लिनक्स वापरणाऱ्यांना आणि जुन्या विंडोजवाल्यांना एमएससी हाच भरवशाचा मार्ग होता.

विजेचा प्रश्न या सगळ्याच्या खाली सतत वाहत होता. यूएसबी २.०च्या नियमानुसार ओळख पटण्याआधी उपकरणाने १०० मिलीअँपिअरपर्यंतच वीज घ्यायची, नंतर परवानगीने ५००पर्यंत. कीबोर्डवरचं पोर्ट किंवा स्वतःचा ॲडॅप्टर नसलेला हब १००च्या पुढे जात नसे. हार्ड डिस्कवाल्या प्लेयरला डिस्क फिरवायलाच याहून जास्त लागे. बॅटरी तळाला गेलेली असली की तो जोडला जायचा, तुटायचा, पुन्हा जोडला जायचा. असेंबल केलेल्या पीसीचं पुढचं पोर्ट आतल्या पातळ वायरीने मदरबोर्डला जोडलेलं असे, आणि तो जोड नीट नसला तर हाच प्रकार व्हायचा. म्हणून जाणकार पहिला सल्ला देत : ‘मागच्या पोर्टला लावून बघा.’ महाराष्ट्रात त्या काळी भारनियमन होतं. गाणी कॉपी होत असताना वीज गेली आणि यूपीएसने साथ दिली नाही, की प्लेयरच्या डिस्कवरची यादी अर्धवट लिहिली जायची. मग तो जोडल्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं जायचं. तिथे ‘नाही’ म्हणून आधी एरर तपासणी चालवणाऱ्यांची गाणी बऱ्याचदा वाचली.

शेवटी कनेक्टरची झीज. यूएसबीच्या मूळ चपट्या प्लगची हमी साधारण १,५०० वेळा घालण्या-काढण्याची होती, २००७च्या मायक्रो यूएसबीची १०,००० वेळांची. मायक्रोच्या रचनेत एक शहाणपण होतं. झिजणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या उपकरणातून काढून केबलच्या टोकाकडे दिल्या होत्या, म्हणजे झीज व्हायची ती स्वस्त आणि बदलता येणाऱ्या वस्तूची. केबलचा मृत्यू बहुधा मानेपाशी होतो, जिथे ती प्लगला मिळते. तिथे वाकवून धरली की चालते आणि सोडली की बंद पडते, ती केबल फेकावी. खिशातल्या धाग्यांचा कीस पोर्टमध्ये दाबला गेला तर प्लग अर्धा मिलिमीटर बाहेर राहतो आणि तेवढंच पुरतं. प्लेयर बंद करून लाकडी टूथपिकने तो हलकेच काढता येतो. बाजारातल्या स्वस्त केबलींत कित्येकदा विजेच्या दोनच तारा असतात. दिसायला ती पूर्ण केबल, पण गाणी तिच्यातून जाणारच नाहीत.

या साऱ्या अनुभवातून जी पद्धत तयार झाली, ती मला त्या काळाची सर्वांत मोठी कमाई वाटते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी केबल, मग पोर्ट, मग संगणक. दुसऱ्या संगणकावर चालला तर दोष पहिल्या संगणकात. दुसरी केबल चालली तर प्लेयर निर्दोष. होल्डचं बटण सुटलंय का, बॅटरी आहे का, मोड कुठला, हे बघून झाल्यावरच पुसणारे उपाय. हे लोकांना कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. गाण्यांच्या ओढीने ते स्वतःच शिकले, आणि पुढे प्रिंटर, मोडेम, फोन, कशालाही तीच पद्धत लावू लागले.

आयपॉडचं उत्पादन मे २०२२मध्ये थांबलं. त्याआधी २०१२मध्ये ३० पिनांची जागा लाइटनिंगने घेतली होती. २०१४मध्ये दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या टाइप-सीचं प्रमाण आलं, आणि २८ डिसेंबर २०२४पासून युरोपीय संघात नव्या फोनांना ते बंधनकारक झालं. प्लग उलटा लागण्याचा त्रास संपला, पण अडचणीने पुन्हा एकदा जागा बदलली. एकाच आकाराच्या टाइप-सी केबलींपैकी एक नुसती चार्ज करते, दुसरी ४८० मेगाबिटने डेटा नेते, तिसरी त्याच्या कित्येक पट वेगाने. २०२३चा साधा आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला, तरी त्याचा वेग २०००च्या यूएसबी २.०चाच, ४८० मेगाबिट. बाहेरून यातलं काहीही कळत नाही.

म्हणून एक आग्रह मनापासून धरावासा वाटतो. प्रत्येक केबलवर तिचा वेग आणि तिची वीज वाहण्याची क्षमता ठळक छापलेली असावी, आणि दुकानदाराने विकताना ती ग्राहकाला सांगावी. प्रमाणित केबलींवर अशी चिन्हं येऊ लागली आहेत, पण आपल्या बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या बहुतेक केबली अजून कोऱ्याच असतात. माणसांनी त्या पंधरा वर्षांत जो वेळ घालवला, त्यातला बराचसा यंत्र बिघडलं म्हणून गेला नाही. कुठल्या तारेतून काय जातं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून गेला. ही माहिती देणं फार खर्चाचं काम नाही, आणि ती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे.